आबा वारतात तेव्हा खेळणारा बटण का दाबतो?

धुळ्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या तिघा मुलांनी मला त्यांचा गेम पाठवलाय. आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेला, जुन्या धाटणीचा, बुटक्या चित्रांचा रोल-प्लेइंग गेम. मुडावदला पांझरा तापीला मिळते, त्या बाजूचं एक गाव. पूल नव्हते तेव्हाचा काळ. नाव चालवणारे आबा आणि त्यांची नात. गेमच्या मध्यावर पुरात आबा वारतात आणि त्यासाठी साडेसहा मिनिटांचा कटसीन आहे, म्हणजे खेळणाऱ्याच्या हातातला ताबा काढून नुसता बघायला लावणारा प्रसंग. होस्टेलमधल्या अकरा जणांना गेम खेळायला दिला, तर नऊ जणांनी नेमका तोच कटसीन बटण दाबून पळवला. त्यांचे प्रश्न चार: स्किपची सोय काढून टाकावी का, मोठे गेम असे प्रसंग कसे निभावतात, आबांना वाचवायचा पर्याय ठेवावा का, आणि अशा वेळी पात्रं अहिराणीत बोलली तर लोक हसतील का.

भाऊंनो, स्किप काढू नका. ज्याला बघायचं नाही त्याला खुर्चीला बांधून ठेवलं तर तो रडत नाही, वैतागतो. त्या नऊ जणांवर रागावूही नका. मी तुमचा गेम दोनदा खेळलो. आबांच्या प्रसंगापर्यंत पोचायला पन्नास मिनिटं लागली आणि तेवढ्यात सात कटसीन येऊन गेले. सरपंच गावाची माहिती देतो, कावळा उडतो, वाण्याच्या दुकानात दोघं भांडतात, पुन्हा सरपंच. यातला एकही बघितला नसता तरी पुढे काही अडलं नसतं. म्हणजे पन्नास मिनिटं तुम्हीच शिकवत होता की वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या की अंगठा चालवायचा. आठव्या वेळी पोरांनी शिकवलं तेच केलं.

मी चौदा वर्षं हेच काम करतोय. संवाद आणि कटसीन गेममध्ये बसवायचे, कॅमेरा लावायचा, कुठे खेळणाऱ्याच्या हातातला ताबा घ्यायचा आणि कुठे परत द्यायचा ते ठरवायचं. आधी पुण्यात करायचो, आता अमळनेरला घरून करतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही तुमच्यासारखाच होतो. एका गेममध्ये म्हाताऱ्या लोहाराच्या मरणाचा चार मिनिटांचा सीन केला होता. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. चाचणीच्या दिवशी खेळायला आलेल्या मुलीच्या मागे उभा राहून बघत होतो. सीन सुरू झाला, तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मोबाईल उचलला. लोहार मेला तेव्हा ती कुणाच्या तरी हळदीचे फोटो बघत होती. त्या दिवसापासून मी चाचणीत चेहरे बघत नाही, हात बघतो.

त्यातून जे कळलं ते असं. मोठा प्रसंग घडवायचा तो खेळणाऱ्याच्या हातातल्या वस्तूंतच घडवायचा: त्याचा मेनू, त्याचे सोबती, त्याचा नकाशा, त्याचं बटण. कटसीन हा घडून गेलेल्या गोष्टीकडे दोन क्षण थांबून बघायचा ओटा. तुमच्या गेममध्ये सगळं मरण ओट्यावरच उरकलंय.

मोठ्या गेमांचं बोलायचं तर एरिथपासूनच सुरुवात करावी लागते. १९९७ चा 'फायनल फँटसी ७', प्लेस्टेशनवर तीन सीडींचा. पहिली सीडी संपत येते तेव्हा खलनायक सेफिरॉथ नायकाच्या सोबतीणीला, एरिथला मारतो. सगळ्यांना आठवतो तो व्हिडिओ: वरून उतरणारी तलवार, आणि तिच्या केसांतून निसटून टप्पे खात पाण्यात पडणारा मटेरियाचा गोळा. पण तो प्रसंग सुटा करून बघितला तर व्हिडिओ हा त्यातला लहानसाच तुकडा आहे. त्याच्या आधी गेम क्षणभर ताबा तुमच्याकडे देतो, आणि तुम्ही बटणं दाबाल तसा तुमचा नायक क्लाउड एरिथवरच तलवार उगारत जातो. दुसरं काही करताच येत नाही. मारतो सेफिरॉथ, पण त्याच्या आधी तुमच्या अंगठ्याला पाप लागून गेलेलं असतं. व्हिडिओ संपतो न संपतो तोच लढाई सुरू होते, आणि लढाईचं नेहमीचं धडाडणारं संगीत येत नाही. नोबुओ उएमात्सुने एरिथसाठी बांधलेली धूनच पुढे चालू राहते. हात सवयीने हल्ला निवडताहेत, कान मात्र मागेच राहिलेत.

आणि मग खरा मार बसतो तो मेनूत. एरिथची खास ताकद जखमा भरून काढण्याची, सोबत्यांना सांभाळण्याची. पुढच्या लढायांत कुणी घायाळ झालं की बोट तिला शोधतं, आणि ती नसते. तिला वाढवण्यात घालवलेले तास कुणी परत देत नाही. घरातलं माणूस गेल्यावर आठवडाभर आपण चहाचा एक कप जास्त टाकतो, तसं ते बोट चुकत राहतं. कुठल्याही व्हिडिओला हे साधणार नाही.

त्या गेमवर इतकी वर्षं एक विनोद चालू आहे: लढाईत पडलेल्याला फिनिक्स डाउन देऊन उठवता येतं, मग एरिथला का नाही दिलं? हसून सोडून देऊ नका, तुमच्याही गेममध्ये हीच फट आहे. तुमच्याकडे 'काढा' पाजला की 'मेलेला' सोबती उठतो. मग पुरात आबांना कुणी काढा का पाजत नाही? दुरुस्ती फुकटात होते. लढाईत कुणी 'मेला' असं लिहूच नका. 'गळाठला' लिहा, 'भोवळ आली' लिहा. 'मेला' हा शब्द अख्ख्या गेममध्ये फक्त आबांसाठी राखून ठेवा.

तुमच्यातल्या एकाने लिहिलंय की चित्रं बुटकी आहेत, आवाज नाहीत, म्हणून कटसीन लांबवावा लागला. हे काही मला पटलं नाही. १९९४ च्या 'फायनल फँटसी ६' मध्येही पात्रं अशीच बुटकी. त्यातल्या ऑपेराच्या प्रसंगात सेलिस या पात्राच्या ओळी खेळणाऱ्यालाच आधी वाचून लक्षात ठेवाव्या लागतात आणि रंगमंचावर योग्य ओळ निवडावी लागते. चुकलं की प्रयोग फसला. पुढे जगाचा सत्यानाश झाल्यावर ती एका बेटावर आजारी, म्हाताऱ्या सिडसोबत उरते. त्याला मासे पकडून खाऊ घालायचे. झपाझप पोहणारा मासा अंगी लागतो, रेंगाळणारा मासा तब्येत आणखी बिघडवतो, आणि गेम हे धड सांगतही नाही. माझा सिड मेला. तो वाचू शकला असता हे मला फार नंतर कुणीतरी सांगितलं, आणि तेव्हा मला परत एकदा वाईट वाटलं. काय होतं त्यात? समुद्राची एक पट्टी, चार मासे आणि खाटेवरचा म्हातारा.

'ड्रॅगन क्वेस्ट ५' (१९९२) मध्ये लहान मुलाला ओलीस धरलंय म्हणून बाप मार खात राहतो. हे घडतं लढाईच्या नेहमीच्या पडद्यावर. तेच चौकोन, तोच 'इतका मार बसला' छापाचा मजकूर, फक्त बाप उलट वार करत नाही. 'अंडरटेल' (२०१५) मध्ये असगोर राजा लढाई सुरू होताना 'दया' हे बटणच फोडून टाकतो. गेमभर ज्या बटणाने तुम्ही जीव वाचवत आलात तेच. आणि 'डार्क सोल्स' (२०११) मधला सिफ! धन्याच्या थडग्याची राखण करणारा प्रचंड लांडगा, तोंडात तलवार धरून लढणारा. त्याची ताकद संपत आली की तो लंगडायला लागतो. संगीत बदलून कुणी सुचवत नाही, कुणी संवाद म्हणत नाही. लंगडणाऱ्या जनावरावर शेवटचा वार तुम्हालाच करायचा असतो. मी कंट्रोलर खाली ठेवून माठातलं पाणी प्यायला उठलो होतो. कॅमेरा, आवाज, चेहरे यांवर पाण्यासारखा पैसा ओतूनही जे होत नाही ते चालण्याच्या दोन-चार फ्रेम बदलून झालं.

इथे मला सारंगखेड्याची यात्रा आठवते. दत्तजयंतीला तापीकाठी भरते, घोड्यांच्या बाजारासाठी लांबलांबून लोक येतात. आम्ही पोरं जायचो ती तमाशाच्या तंबूसाठी. एका वर्षीच्या वगात सोंगाड्याने तासभर राजाची टर उडवली, पहिल्या रांगेतल्या एका बाबांना बोलण्यात ओढलं, शिट्ट्या काही थांबेनात. मग राजाने एका निरपराध पोराला सुळावर द्यायचा हुकूम सोडला. ढोलकी थांबली. सगळा तंबू सोंगाड्याकडे बघायला लागला, आता हा काहीतरी बोलेल आणि सगळं हलकं होईल. तो बोललाच नाही. बाहेर बांधलेल्या घोड्याचं फुरफुरणं आत ऐकू आलं. रडण्याचा अभिनय त्या रात्री कुणी केला की नाही, मला आठवत नाही. सोंगाड्या गप्प राहिला ते मात्र पंचवीस-तीस वर्षांनी आठवतं. आधी सवय लावायची आणि मग तीच काढून घ्यायची, हे त्या मंडळींना आपल्यापेक्षा कितीतरी आधी कळलेलं होतं. तुमच्या गेममध्ये सोंगाड्याची जागा आबांची आहे, हे डोक्यात ठेवा. पुढे कामाला येईल.

स्किपबद्दल इतका ठाम का आहे तेही सांगतो. 'फायनल फँटसी १०' (२००१) हा त्या मालिकेतला पात्रांना आवाज मिळालेला पहिला गेम, आणि प्लेस्टेशन २ वर त्यातले कटसीन पळवता येत नसत. पारोळ्याला मावसभावाकडे आम्ही तो खेळायचो. युनालेस्काशी लढाई होते त्याच्या आधी एक लांबलचक सीन आहे. कथेचा कणा म्हणावा असा, सुंदर. सेव्ह करायची जागा त्या सीनच्या अलीकडे. लढाई तीन टप्प्यांची आणि अवघड. हरलात की सीन पुन्हा पहिल्यापासून. त्यात ते लोडशेडिंगचे दिवस. तिसऱ्या टप्प्यात पोचलो की लाइट जायची आणि मावशी ओरडायची, 'बरं झालं, आता जेवून घ्या'. तो सीन आम्ही नऊ-दहा वेळा बघितला असेल. चौथ्या वेळेपासून आम्ही युनालेस्काची नक्कल करायला लागलो होतो. कथेतल्या सगळ्यात गंभीर वळणावर तीन पोरं शेवभाजी खात खिदळताहेत, आणि दोष पोरांचा नाही. म्हणून लांब सीन आणि अवघड लढाई यांच्या मध्ये सेव्हची जागा हवीच. आता लोडशेडिंग कमी झालंय, पण तुमचा गेम मोबाईलवर जाणार असेल तर ऐन पुरात फोन वाजेल आणि फोनवरून परत येईपर्यंत मोबाईलने गेम बंद करून टाकलेला असेल. म्हणजे स्किप तर हवंच, पॉजही हवा.

स्किपची पद्धत मात्र बदला. आता तुमच्याकडे संवाद पुढे न्यायचं बटण आणि स्किपचं बटण एकच आहे. संवाद भराभर पुढे ढकलणाऱ्याचा कटसीन चुकून उडतो. दीड सेकंद बटण दाबून धरलं तरच स्किप होऊ द्या, कोपऱ्यात एक गोल भरत गेलेला दिसू द्या. म्हणजे पळवणारा ठरवून पळवेल.

आणि आता ऐका, तुमच्या त्या नऊ जणांनी हे तुम्हाला सांगितलं की नाही माहीत नाही. मीही एकदा स्किप करून बघितलं. पूर ओसरला, नात घाटावर आली, आणि आबा नावेजवळ उभे! बटण दाबलं तर 'चाल माय, पल्याड जाऊत' म्हणून निघालेसुद्धा. कारण आबा गेल्याचा स्विच, म्हणजे गेमने लक्षात ठेवायची खूण, तुम्ही ऑटोरन इव्हेंटच्या (आपोआप चालणाऱ्या सूचनांच्या यादीच्या) अगदी शेवटच्या ओळीत चालू करताय आणि स्किप त्या ओळीपर्यंत पोचतच नाही. नऊ जणांच्या गेममध्ये आबा शेवटपर्यंत जिवंत होते. असा घोळ प्रत्येकाकडून एकदा तरी होतोच. नियम असा ठेवा: जगात जे बदलायचं ते कटसीनच्या पहिल्या ओळीतच बदला, पडदा काळा असताना. त्यानंतरचं सगळं नुसतं दाखवणं. मग कुणी कुठेही तोडलं तरी हिशेब चुकत नाही.

निवड देण्याबद्दल तुम्ही विचारलंय: आबांना वाचवायचा पर्याय ठेवावा का? मोठ्या स्टुडिओंकडे बघून तो मोह होतो, पण त्यामागचं काम बघा. 'द विचर ३' (२०१५) मध्ये संवाद इतके होते की सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या मंडळींनी त्यांचा कच्चा आराखडा एका प्रोग्रॅमकडून काढून घेतला. कॅमेरा कुठून, कोण कुणाकडे बघतं, हातवारे कोणते, हे आधी यंत्र सुचवायचं आणि मग माणसं हाताने सुधारायची. लारियन स्टुडिओने 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये १७४ तासांहून जास्त सिनेमॅटिक्स, म्हणजे कटसीनसारखी दृश्यं, असल्याचं जाहीर केलं होतं. एक खेळणारा एका खेपेत त्यातला एक हिस्साच बघतो. उरलेलं त्याने न निवडलेल्या वाटांसाठी. तुम्ही तिघं, त्यातही परीक्षा तोंडावर. तो नाद सोडा.

पण त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते वेगळंच. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये सगळ्यात जास्त श्वास कधी अडकतो? वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडतो तेव्हा. चेहरे, अभिनय सगळं थांबलेलं असतं आणि आकडा फिरत असतो. 'डिस्को एलिझियम' (२०१९) तर सगळा मजकुरावर चालतो, आणि त्यात फासा उलटा पडला की जे लिहिलंय ते कित्येकदा यशापेक्षा सरस. 'विचर'मधला माझा आवडता प्रसंग ब्लडी बॅरनचा. न जन्मलेल्या, धड न पुरलेल्या मुलीचं भूत झालेलं अर्भक बॅरन हातात घेऊन रात्री वाड्याकडे चालत निघतो. तुम्ही त्याच्यासोबत चालायचं, वाटेत येणारी पिशाच्चं हटवायची, अर्भक बिथरलं की त्याला शांत करायचं. दारुडा, बायकोला मारणारा माणूस तो. गेम त्याला माफ करा असंही म्हणत नाही. फक्त त्याच्या बाजूने पन्नास-साठ पावलं चालायला लावतो. तेवढ्यात तुमचं मत डळमळतं.

तुम्हाला परवडेल अशी एक जुनी युक्ती आहे. 'क्रोनो ट्रिगर' (१९९५) मध्ये सुरुवातीला जत्रा आहे. तिथे तुम्ही उगाच केलेल्या बारीकसारीक गोष्टी, कुणाचा डबा खाल्ला, मुलीचं हरवलेलं मांजर आणून दिलं का, या पुढे कोर्टात साक्षीला येतात. चार-पाच स्विचचं काम. खेळणारा मात्र दचकतो, कारण त्याला वाटत होतं की कुणी बघत नाही.

आता तुमच्या पुराकडे येऊ. सध्या तुमच्या साडेसहा मिनिटांत आबा भाषण करतात, आठवणी सांगतात, वल्हं नातीच्या हाती देतात, डोळे मिटतात. यातली वल्ह्याची गोष्ट सोडून बाकी सगळं काढा. मी असं करेन. पहिल्या दहा मिनिटांपासून नदी ओलांडायची म्हणजे आबांशी बोलायचं. आबा वल्हवतात आणि प्रत्येक खेपेला काहीतरी सांगतात. कधी मासोळीची गोष्ट, कधी अमळनेरच्या पालखीला बोरीच्या पात्रात हरवलेल्या चपलेची, कधी नुसतीच सरपंचाची चहाडी. म्हणजे तुमच्या सरपंचाचे दोन कटसीनही इथेच मुरतील. प्रवास चालू असताना बटण दाबलं की आबा बोलतात, ही सवय लावा. पंधरा-वीस खेपा होऊ द्या. माणूस शेवटी शेवटी कंटाळेल. कंटाळू द्या, तेच हवंय.

मग पूर. ताबा काढून घेऊ नका. वल्हं नातीकडे आहे, म्हणजे खेळणाऱ्याकडे. आबांना डोक्याला मार लागलाय आणि ते नावेत टेकून बसलेत. खेळणाऱ्याने वल्हवत राहायचं. प्रवासात बटण दाबलं की आबा बोलतात हे त्याला माहीत आहे, तो दाबणारच. आधी एक ओळ. मग अर्धी. मग 'हा' एवढंच. मग बटण दाबलं तरी संवादाची चौकट उघडत नाही. खेळणारा पुन्हा दाबेल. त्याला वाटेल गेम अडकला. तिसऱ्यांदा दाबेल तेव्हा कळेल. नाव अजून मधोमध आहे आणि काठापर्यंत त्यालाच न्यायची आहे. ते शेवटचं अंतर मुद्दाम थोडं लांब ठेवा, वीस-पंचवीस सेकंदांचं. संगीत नको, पाण्याचा आवाज पुरे. काठाला लागल्यावर मग तुमचा कटसीन: कॅमेरा वर उचला, घाट दिसू द्या, लोक धावत येताना दिसू द्या, पडदा काळा. तीस-चाळीस सेकंदांत संपवा. हा पळवायला कुणाचा अंगठा धजला तरी बिघडत नाही, कारण जे व्हायचं ते नावेत होऊन गेलंय.

यात एकच अडचण येईल. कुणी बटण दाबलंच नाही तर? मुकाट्याने वल्हवत गेला तर? अशांसाठी काठाला लागल्यावर नातीने एकदा हाक मारायची. बस.

त्यानंतर तुम्ही थेट 'एका महिन्यानंतर' अशी पाटी टाकलीत. तिथे माझा जीव हळहळला. आपल्याकडे माणूस गेल्यावर लोक दारावर येतात, गंधमुक्तीपर्यंत ओटा रिकामा राहत नाही. ते दिवस खेळायला द्या. नात घरात आहे, बाहेर जायला मनाई नाही, पण जिथे जाल तिथे माणसं वेगळं बोलतात. वाणी उधारीचा विषय काढत नाही. ज्या बाईशी आबांचं भांडण होतं ती भाकरी-पिठलं घेऊन येते आणि काही न बोलता ताट ठेवून जाते. आणि 'क्रोनो ट्रिगर'ची युक्ती इथे लावा. खेळणारा नावेत आबांच्या गोष्टी ऐकायचा की बटण दाबून पळवायचा, ते तुम्ही मोजलेलं असेल. ऐकणाऱ्याला दारावर आलेला एखादा म्हातारा तीच मासोळीची गोष्ट अर्धवट सांगेल आणि विचारेल, 'पुढे काय होतं गं?' ज्याने ऐकली त्याला उत्तर येईल. ज्याने पळवली त्याच्यापुढे एकच पर्याय ठेवा: 'माहीत नाही.' तोंडाने ओरडून जे सांगता येत नाही ते यात येतं. मग पुन्हा नदी. नावेपाशी कुणी नाही. नात एकटी वल्हवते, आबांपेक्षा हळू. बटण दाबलं तर काही होत नाही.

चित्रांबद्दल थोडंच. तुम्ही कटसीनसाठी मोठी रंगवलेली चित्रं वापरलीत आणि त्यात नात कायम निळ्या परकरात. तुमचा गेम खेळताना मी तिला यात्रेतली लाल ओढणी घेतली होती. पुरात ती अचानक निळी झाली आणि मी प्रसंगातून बाहेर पडलो. गेममधल्याच बुटक्या चित्रांनी सीन करा, म्हणजे खेळणाऱ्याने जे नेसवलं तेच दिसेल. वेगळं दाखवायचंच असेल तर पूर्ण वेगळं दाखवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) रोल-प्लेइंग नाही, अ‍ॅक्शनचा आहे, पण त्यात कथेचे तुकडे छायाबाहुल्यांच्या खेळासारखे दाखवलेत. तिथे ओढणीचा रंग कुणी मोजत बसत नाही.

राहिली अहिराणी. लोक हसतील का? पहिली दोन मिनिटं हसतील. मोबाईलवर अहिराणी म्हटलं की कॉमेडीचे व्हिडिओ, एवढंच डोक्यात बसलंय. तुम्हीही नकळत तेच केलंत: वाण्याचं भांडण अहिराणीत आणि आबांचं मरण प्रमाण मराठीत. आयुष्यभर नाव हाकणारा म्हातारा मरताना एकदम आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा बोलायला लागतो. हसू येतं ते याचं. आपल्या घरात कुणी गेलं तर माय कुठल्या भाषेत रडते ते आठवा. आबांना पहिल्या खेपेपासून शेवटपर्यंत अहिराणीच बोलू द्या, आणि शेवटची ओळ तुमच्याच मसुद्यात दडलीय ती ठेवा: 'वल्हं सोडजो नको, माय.' पुण्या-मुंबईच्या खेळणाऱ्यालाही एवढं कळतं. नाही कळलं तर बघून कळेल, वल्हं त्याच्याच हातात आहे.

पण ही ओळ दिसते कशी ते एकदा डोळे फाडून बघा. अक्षरं एकेक करून टंकल्यासारखी उमटवायची सोय इंग्रजी-जपानी डोळ्यासमोर ठेवून केलेली असते. देवनागरीत ती एकेक सुटं चिन्ह उमटवते. 'वल्हं' येताना आधी 'वल' येतं, मग ल चा पाय मोडतो, मग ह येऊन चिकटतो, मग टिंब. 'निघ' मधला न आधी उमटतो आणि वेलांटी आली की उजवीकडे सरकतो. म्हातारा शेवटचं बोलतोय आणि अक्षरं पडद्यावर उड्या मारताहेत. वाक्य आधी अक्षरगटांत तोडा, म्हणजे 'व', 'ल्हं', 'सो', 'ड', 'जो', आणि एकेक गट उमटवा. प्लगइन नाही मिळालं तर जावास्क्रिप्टमध्ये हे तोडायची सोय आहे, तुमच्यातला जो कोड लिहितो त्याला तासाभराचं काम. तेही जमलं नाही तर आबांच्या ओळी एकदम पूर्ण दाखवा, टंकू नका. वेग सगळ्यांसाठी एकच ठेवू नका. आबा नातीपेक्षा हळू बोलतात.

पुढच्या वेळी फाइल पाठवाल तेव्हा पुराच्या अलीकडची एक सेव्ह फाइल जोडा. या वेळी ती नव्हती, म्हणून दुसऱ्यांदा खेळताना मला सरपंचापासून सुरुवात करावी लागली. आणि खरं सांगतो, दुसऱ्यांदा मीही बटण दाबलं.